तुमच्या मानाखातर

हॅलोवे, अलाबामा
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय ल्युआन,

आईचे आशीर्वाद. तुझे पाय कसे आहेत? दिवसभर उभी राहून गावाचे केस कापतेस, संध्याकाळी गरम पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बस म्हणून मी सांगते आणि तू ऐकत नाहीस. फोन करत नाही, कारण पार्लरमध्ये तू फोन उचललास की खुर्चीतल्या बायका कान टवकारतात, आणि घरी तू माझ्यावर चिडलेली असतेस. पत्र निदान फोनसारखं मधेच आपटून ठेवता येत नाही.

इथं उकाड्यानं जीव नकोसा केलाय. उद्यापासून निवडीचा आठवडा, युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या मंडळांची घरं आपापल्या नव्या सभासद पोरी निवडणार. आमच्या घरातल्या पोरी सकाळपासून दाराचं गाणं घोटतायत. दार उघडलं की सगळ्यांनी चौकटीत कोंबून घ्यायचं, टाळ्या वाजवत एका सुरात किंचाळायचं, आणि बाहेर उन्हात रांगेत उभ्या असलेल्या नव्या पोरींनी ते बघून हरखून जायचं. मला विचारतात, "मिस मोझेल, आवाज फाटकापर्यंत येतो का?" मी म्हटलं, "फाटक सोड बाई, चर्चमागच्या कबरीतली माणसं उठून बसलीत." खूप हसल्या. पोरी वाईट नाहीत गं. मला 'मॉम' म्हणतात, ताप आला की माझ्याच खोलीत येऊन झोपतात.

डेलेनी परवा वसतिगृहात आली. तू शिवलेला पिवळा ड्रेस घातला होता, छान दिसत होती. पण मला तिच्याशी बोलता आलं नाही. नव्या मुली आल्या की निवड संपेपर्यंत आमच्या घरातल्या कुणीही, मग ती सभासद असो, स्वयंपाकीण असो की माझ्यासारखी पगारी मॉम असो, नव्या मुलीशी दिवाणखान्याबाहेर एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे. स्वतःची नात असली तरी नाही. काल तिनं रस्त्यापलीकडून हात केला, आणि मी शेजारणीशी भांडण झाल्यासारखी खाली मान घालून चालत राहिले.

तुला हे पसंत नाही, ठाऊक आहे. "त्या श्रीमंतांच्या पंगतीत माझी पोर बसवायला कशाला निघालीस?" असं तू म्हणालीस. गावाजवळचं दोन वर्षांचं कॉलेज बरं, असंही म्हणालीस. पण ल्युआन, इथं ज्या पोरीला घर मिळत नाही, ती चार वर्षं एकटी जेवते. फुटबॉलच्या सामन्याला तिच्या शेजारी कुणी बसत नाही. मी रोज बघते ना. घर मिळालं की पोरीला बहिणी मिळतात, नंतर नोकरी मिळते, कधी नवराही मिळतो.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. प्रत्येक मुलीसाठी तिच्या गावातल्या एखाद्या जुन्या सभासद बाईंचं शिफारसपत्र लागतं, आणि आपल्या पिकेटमधून या घरात आजवर कुणी गेलेलंच नाही. कोंबड्यांच्या कारखान्याच्या गावातून कोण जाणार? मी निवडीच्या प्रमुख पोरीला, मॅरी कोलियरला, तसं बोलून दाखवलं. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "अहो, तुमच्याहून मोठी शिफारस कुणाची?"

तेव्हा काळजी करू नकोस. मी इथं आहे.

तुझी,
आई

---

हॅलोवे
२२ ऑगस्ट १९९४

प्रिय ल्युआन,

आशीर्वाद. काल रात्री पाऊस झाला, त्यानं थोडा गारवा आहे. अंगणात कागदाचे तुकडे आणि फुटलेले फुगे भिजून पडलेत, ते सकाळपासून गोळा करतेय. आमच्या स्वयंपाकिणीच्या गुडघ्यानं परत उचल खाल्लीय, त्यामुळे बिस्किटंही मीच भाजली.

डेलेनीचं तुला एव्हाना कळलंच असेल. 

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तू उगाच कुणाला दोष देणार नाहीस. आठवडाभर रोज घरं काही मुलींची नावं गाळतात, मुलीही काही घरं सोडतात. शेवटच्या दिवशी मुलीच्या हाती फार तर दोन घरं उरतात. ती दोन्हीकडं जाऊन येते आणि कार्डावर पसंतीच्या क्रमानं नावं लिहिते. डेलेनीकडं आमचं घर होतं आणि रस्त्याच्या टोकाचं विटांचं घर होतं. विटांचं घर लहान आहे, त्यांच्याकडं आमच्यासारखे दारापुढं मोठे खांब नाहीत, पण पोरी मायाळू आहेत. दोन्ही नावं लिहिली असती, तर एकानं नाही म्हटल्यावर दुसरं होतंच. डेलेनीनं एकच लिहिलं. आमचं. आणि आमच्या यादीत तिचं नाव फार खाली होतं. जागा ठरलेल्या असतात, तिच्यापर्यंत आल्याच नाहीत.

प्रत्येक गटाला एक सल्लागार मुलगी दिलेली असते. तिनं डेलेनीला बजावलं होतं म्हणे, की एकच नाव लिहू नकोस, तो जुगार आहे. पण ऐकलं नाही. दरवर्षी दोनचार पोरी असं करतात. तरुण रक्त, कोण काय करणार?

काल दुपारी मैदानावर सगळ्या पोरी घराचं नाव असलेली पाकिटं फोडून आपापल्या घराकडं धावत सुटल्या, तेव्हा डेलेनी मला लांबून दिसली. बोलणं झालं नाही. इथल्या पोरींना फार वाईट वाटलं. मॅरी कोलियर मला बिलगून रडली, माझ्यासाठी फुलं घेऊन आली.

तिला सांग, पुढच्या वर्षी परत बघता येईल. दुसऱ्या वर्षाच्या मुली क्वचितच घेतात, पण घेतात.

पाय शेकत जा.

आई

---

हॅलोवे
९ ऑक्टोबर १९९४

ल्युआन,

तुझी चिठ्ठी मिळाली. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर दिसलं म्हणून मी ती घाईनं फोडली, तर आत एकच ओळ. "आई, तुला आधी माहीत होतं का?"

हो. माहीत होतं.

गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरात सँडविचच्या कडा कापत बसले होते. मॅरी कोलियर आली, एक तुकडा तोंडात टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मिस मोझेल, तुमची डेलेनी गोड आहे हो. सगळ्यांना आवडली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, तिला आमच्यातलं कुणी ओळखत नाही ना. शिफारसपत्रही नाही. खरं म्हणजे कालच तिचं नाव गळत होतं. पण मी भांडले. म्हटलं, मिस मोझेलच्या नातीला बुधवारी घरी पाठवायचं? बरं दिसतं का? शेवटच्या दिवसापर्यंत बोलवायचीच. तुमच्या मानाखातर."

"आणि शेवटच्या दिवसानंतर?"

तिनं माझ्या गालाचा मुका घेतला. "तुम्हाला कळतंच सगळं," म्हणाली, आणि दुसरं सँडविच घेऊन गेली.

मला कळलं होतं. त्या पोरीनं मनापासून माझा मान राखला होता, आणि त्या मानापायी माझी नात शेवटच्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात खुर्ची भरायला येणार होती. बुधवारी तिचं नाव गाळलं असतं, तर ती एक रात्र रडली असती आणि शनिवारी विटांच्या घराचं नाव लिहून मोकळी झाली असती. आज तिथं असती.

मी तिला सांगायला हवं होतं. शुक्रवारी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकटी बसलेली मला दिसली, आसपास कुणी नव्हतं. मी चालत राहिले. तुला वाटेल, नियमाला घाबरले. नियम आहेच, पण तो पुढं करून मी स्वतःला किती दिवस फसवणार? नियम मोडला असता, तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर स्वयंपाकघरामागची ही खोली. तुझे बाबा गेले, घर विकलं, त्यानंतर मला दुसरं घर नाही. तुझ्याकडं दोन खोल्या आहेत, आणि मला तिथं ठेवून घेशील का हे मी कधी विचारलं नाही, तू कधी म्हणाली नाहीस. पोरीचं नशीब एका बाजूला आणि माझा पलंग दुसऱ्या बाजूला होता. मी पलंग धरला.

आणि आणखी एक. मॅरी कोलियर "तुमच्या मानाखातर" म्हणाली तेव्हा, डेलेनीचं वाटोळं झालंय हे कळायच्या आधी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. मोठ्या घरांत आपला शब्द चालतो असं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या बाईला असं वाटायला फार लागत नाही. हे तू मला कधी माफ करशील असं वाटत नाही.

शनिवारी सगळ्या पांढऱ्या कपड्यांत होत्या. पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या होत्या. शेवटच्या दिवशी प्रत्येक नव्या मुलीला आमच्यातली एक मुलगी कोपऱ्यात घेऊन बसते, तिचे दोन्ही हात हातात घेते आणि डोळ्यांत पाणी आणून सांगते, तुझ्याशिवाय हे घर अपुरं आहे. ती सगळ्यांनाच तसं सांगते. मी दारात गोड चहाचे पेले घेऊन उभी होते. मला फक्त "ये बाळा, उकाडा फार आहे ना" एवढंच म्हणायची मुभा असते.

डेलेनी तू शिवलेला पांढरा ड्रेस घालून आली. पेला घेताना थांबली आणि माझ्याकडं बघितलं. तोंडानं काही विचारलं नाही, नियम तिलाही ठाऊक होता. पण डोळ्यांनी विचारलं, आजी, काय करू?

आणि मी तिचा हात धरून दाबला.

ल्युआन, मला तिची दया आली होती. 'माफ कर गं पोरी' एवढंच माझ्या मनात होतं. पण तिचा चेहरा एकदम उजळला, तुझ्या बाबांसारखे फट असलेले पुढचे दात दिसतील एवढी हसली, आणि पेला घेऊन आत गेली. त्या क्षणी मला कळलं की तिनं त्या दाबण्याचा काय अर्थ घेतला. तरी मी पुढच्या मुलीला पेला दिला. "ये बाळा, उकाडा फार आहे ना," म्हटलं.

डेलेनी मला लांबून दिसली असं मी लिहिलं, ते खोटं होतं. रविवारी दुपारी ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली होती. सकाळीच सल्लागार मुलीचा फोन आला होता तिला, की मैदानावर येऊ नकोस, तुझं पाकीट नाही. पुढच्या अंगणात नव्या पोरी धावत येत होत्या, किंचाळत होत्या, आमच्या पोरी त्यांना उचलून घेत होत्या. त्या गोंगाटात तिचा आवाज ऐकू येईना, म्हणून तिनं परत विचारलं.

"आजी, काल तू माझा हात दाबलास ना?"

"दाबला."

"मग?"

मी म्हटलं, "उन्हातून आलीस. बस, पाणी पी."

ती बसली नाही. म्हणाली, "हं. आता बोलायची परवानगी आहे वाटतं." आणि गेली. पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला घर मिळालं, ती जेवायला तिकडंच जाऊ लागली. डेलेनी खोलीत बसून पाकिटातले चिप्स खायची, असं ती मैत्रीणच मला सांगत होती. सप्टेंबर संपायच्या आत पोरीनं सामान बांधलं. आता ती कारखान्यात कोंबड्या खोक्यांत भरते, हे मला चर्चमधल्या बाईकडून कळलं. तू कळवलं नाहीस. बरोबरच केलंस.

गेल्या रविवारी विटांच्या घरातली एक पोर चर्चबाहेर भेटली. तिला माझं नातं माहीत नव्हतं. म्हणाली, "तुमच्या घरानं आमची एक मुलगी पळवली हो. पिकेटची. काय हसायची! आम्ही तिच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती." मी विचारलं, "पाटीचं काय केलंत?" ती म्हणाली, "वरून दुसरं नाव रंगवलं."

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. नोकरी सोडीन म्हणून दोनदा मॅरी कोलियरच्या खोलीपर्यंत गेले आणि चादरी बदलायच्या आहेत का विचारून परत आले. मी कसल्या मातीची आहे ते मला कळलं आता. 

काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुढच्या ऑगस्टचं बोलणं निघालं. कुणी कुठं उभं राहायचं, कुठलं गाणं म्हणायचं. मॅरी कोलियरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दारात मात्र मिस मोझेलच हं! तुम्ही मुलींचा हात धरता ना, त्यानं त्यांना किती धीर येतो म्हणून सांगू."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी हो म्हटलं.

हे पत्र डेलेनीला दाखवायचं की नाही ते तूच ठरव. तिला आशीर्वाद लिहावेसे वाटतात, पण माझ्या हातचं काही तिनं आता घ्यावं असं म्हणवत नाही.

इथं सगळ्याजणी जिला मॉम म्हणतात ती,
मोझेल