सहाचा पंच

९ जानेवारी १९५७, पांढरकवडा

जवाईबापूंचा ट्रक आज एकदाचा उभा राहिला. दोन मेलेल्या मिल्ट्री गाड्यांतून एक जिवंत केली. पहिलीचं इंजिन ठणठणीत, कागद खरे, पण चासी जळून वाकडी. दुसरीची चासी सरळ, पण नंबराशेजारी छिन्नीने मारलेली फुली. मिल्ट्रीत फुली म्हणजे गाडी बाद. चासीच्या उजव्या दांड्याला तडा होता. त्यावर पट्टी चढवली, बारा रिव्हेट. मग फुली आणि जुना नंबर कानशीने काढून पहिल्या गाडीचा नंबर ठोकला. आता इंजिन, चासी आणि कागद, तिघांचं एकमत.

आकडे ठोकायच्या माझ्या पंचांपैकी सहाच्या पंचाचं पोट थोडं उडालेलं आहे, त्यामुळे सहा दातपडका उमटतो. नऊही तसाच, कारण नऊ म्हणजे तोच पंच उलटा. कोण बघतो.

फुलीचं ज.बां.ना सांगितलं होतं. म्हणाले, "दादा, लोखंड हाय थे. मानूस थोडीच हाय मरायले?" शेवंताने ट्रकला कुंकू लावलं. एकुलती बहीण. तिच्या नवऱ्याला नाही म्हणायला तोंड कुठून आणू? आणि खरं सांगायचं तर काम फक्कड झालं आहे.

११ डिसेंबर १९६१

मुकुटबनच्या उतारावर ज.बां.चा ट्रक उलटला. वर कापसाच्या बोऱ्यांवर वेचणाऱ्या बाया बसलेल्या. तीन गेल्या. ड्रायव्हर महादू आत्राम वाचला, हात मोडला.

माझ्याच हाताने उभी केलेली गाडी. जेवण गेलं नाही.

१२ डिसें.

गाडी ओढून आणायला मलाच बोलावलं. दुसरं कोण आहे इथे?

दांडा उजवीकडचाच तुटला. माझी पट्टी शाबूत, बाराच्या बारा रिव्हेट जागेवर. पट्टीच्या कडेला बोटभर सोडून लोखंड फाटलं आहे. आतला भाग गंजून काळा, म्हणजे तडा आधीच पट्टीच्या बाहेर पोचला होता. किती दिवसांचा, देव जाणे.

बोऱ्यांखाली एका बाईची चप्पल होती. पोलीस शिपायाने उचलून बाजूला ठेवली.

१४ डिसें.

दिवाळीच्या आधी महादू दुकानात आला होता. आज सारखं तेच आठवतं. म्हणाला, "दादा, उजवीकून गाडी कन्हून राह्यली. पहा जरा." मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. स्प्रिंगला तेल दे म्हणालो. हातात दुसऱ्याचं काम होतं.

नव्हतं. बिडी ओढत बसलो होतो. इथे तरी खरं लिहावं.

१७ डिसें.

महादू हवालातीत. मोडक्या हाताने. ज.बां.नी जबानी दिली की तो दारू पिऊन होता आणि गाडी पळवत होता. महादू दारू पीत नाही. आख्ख्या पांढरकवड्याला ठाऊक आहे.

संध्याकाळी ज.बा. आले. बसले नाहीत.

"दादा, तुमी फक्त येवढं म्हना का नंबर मिल्ट्रीचा हाय. बाकी मी पाह्यतो."

"अन् महादू?"

"त्याले साल-दोन साल होईन. त्याच्या बायकोले मी दाना देईन. तुमी आत गेले त तुमच्या घरी कोन देईन?"

माणूस वाईट नाही. घाबरलेला आहे. घाबरलेला माणूस वाईटापेक्षा काही कमी नसतो, हे आज कळलं.

२० डिसें.

यवतमाळहून इन्स्पेक्टर साहेब आले. तरुण, पुण्याकडचे. पोलीस ठाण्याच्या आवारात ट्रक आडवा पडला आहे. साहेब म्हणाले, "लष्करी गाड्यांचे नंबर ओळखणारा जिल्ह्यात तुमच्याशिवाय कोणी नाही, असं ऐकलं." खरं आहे. युद्धात चार वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. पूर्वी कोणी असं म्हटलं की छाती फुगायची. आज घाम फुटला.

आधी इंजिन. नंबर खरा. सांगितलं. मग चासी. साहेबांनी चिंधीने तेल पुसलं.

"प्रश्न सरळ आहे. ही चासी या गाडीची मूळचीच असेल, तर दोष ड्रायव्हरचा. दुसरी कुठली बसवली असेल, तर दोष बसवणाऱ्याचा आणि मालकाचा." मग बोट ठेवून म्हणाले, "हे सहा जरा तुटल्यासारखे दिसतात, नाही?"

"मिल्ट्रीचे पंच झिजलेले असतात साहेब."

तोंडातून निघून गेलं. विचारही केला नव्हता. साहेबांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. म्हणाले, हेच कोर्टात सांगावं लागेल.

मिल्ट्रीचे पंच झिजलेले नसतात. झिजला की फेकतात.

२६ डिसें.

महादूची बायको आली होती. दुकानाच्या पायरीखालीच उभी राहिली, वर ये म्हणालो तरी आली नाही.

"भाऊ, लोक म्हन्ते तुमाले लोखंडावरचं वाचता येते."

"येते."

"मले त कागदावरचंबी येत नाही. तुमी जे हाय थेच वाचून सांगजा. दुसरं काई मागनं नाही."

गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ जानेवारी १९६२

बाची आठवण. आमचा बा तांड्यात बैल ओळखायचा. चोरीचा बैल असला की चोर जुन्या डागावर नवा डाग देतात. बा त्या जागी पाणी लावायचा, हात फिरवायचा आणि खालचा डाग कोणत्या घराचा ते सांगायचा. म्हणायचा, "डाग बोलते. आपन फक्त आयकाचं."

एकदा चोर निघाला त्याचा सख्खा चुलतभाऊ. पंचायत बसलेली. बाने नाव घेतलं. त्या घराने पुढे आमचं पाणी तोंडाला लावलं नाही. बाच्या मातीलाही कोणी आलं नाही. आई, आमची याडी, शेवटपर्यंत त्याला बोलत राहिली, एक बैल गेला असता तर काय झालं असतं म्हणून.

इथे बैल नाही. तीन बाया आहेत.

मी बाचा मुलगा, हे लोक कौतुकाने म्हणतात. म्हणू नये.

९ जाने.

नंबर ठोकला त्याला बरोबर पाच वर्षं झाली. सकाळी पेटी उघडून सहाचा पंच काढला. डब्याच्या पत्र्याचा तुकडा घेतला, एक ठोका सरळ, एक उलटा. सहा आणि नऊ, दोघेही दातपडके. चासीवरच्या आकड्यांशेजारी धरला तर आंधळ्यालाही कळेल. पत्रा वहीत ठेवला आहे, या पानापाशी.

का ठोकला? ठाऊक नाही. हात चालला.

११ फेब्रु.

समन्स. १९ तारखेला यवतमाळला साक्ष.

१७ फेब्रु.

शेवंता आली. तिळाचे लाडू आणले, संक्रांत होऊन महिना झाला तरी. बराच वेळ पेटीजवळ बसली. लहान असताना माझ्या वर्कशॉपच्या गोष्टी ऐकायला अशीच बसायची. मग रडली.

"दादा, तू खरं बोलशील थे मले मालूम हाय. म्हनूनच आली. माह्या तीन लेकराईचं तोंड पाह्य."

पाहिलं आहे. धाकट्याचं बारसं माझ्याच मांडीवर झालं.

लाडू तसेच आहेत.

१८ फेब्रु.

पेटी उघडली. सहाचा पंच नाही. एकपासून आठपर्यंत सगळे, मध्ये भोक.

शेवंताच. दुसरं कोणी पेटीला हात लावत नाही. आता नदीत असेल नाहीतर विहिरीत. रागही येत नाही. नवऱ्याला वाचवायला आली होती, आणि मलाही. पंच नाही तर पुरावा नाही, असं तिला वाटतं. पोरीने हिशेब बरोबर केला, फक्त पत्र्याचं तिला ठाऊक नाही.

मनात आलं, तोही चुलीत टाकावा. चूल पेटलेलीच होती. दोनदा उठलो.

१९ फेब्रु., एस.टी. स्टँड

आठची गाडी अजून लागली नाही. पेन्सिलीने लिहितो आहे. पत्रा सदऱ्याच्या खिशात आहे. घेऊन निघालो, एवढंच. काढीन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. कोर्टात पुन्हा विचारतील, हे सहा असे का? पहिलं उत्तर साहेबांच्या वहीत लिहिलेलंच आहे. तेच पुन्हा म्हणायचं, एका वाक्याचं काम. ज.बा. कालच पुढे गेले.

महादूची बायकोही याच गाडीने निघाली आहे. बाकावर गर्दी. मला उभा पाहून तिने शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"बसा भाऊ," म्हणाली. "उभे काहून? तुमाले आज लय बोला लागन."

बसलो. पत्र्याची कड छातीला टोचते आहे. गाडी लागली.