कोठाराखालची चार पिंपं

प्रिय अमासा,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण जे पन्नास वर्षं तोंडातून निघालं नाही ते हातातून पटकन निघत नाही. हे एकटा बसून वाच. बायकोला नंतर दाखव हवं तर.

तू त्या हिवाळ्याबद्दल विचारलंस. गावात सांगतात ती गोष्ट तुला पाठच आहे. मी चौदाची, सायलस सोळाचा, गाडीत बंदुकीची दारू, नाक्यावर इंग्रज, आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. दर चार जुलैला, स्वातंत्र्याच्या दिवशी, कोणीतरी ओट्यावर चढून ती सांगतो आणि दरवर्षी पिंपं वाढतात. यंदा नऊ झाली. चार होती, आणि तीसुद्धा लहान. सायलस म्हणजे तुझे आजोबा, पण त्या वेळी त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, म्हणून एकेरीच लिहिते.

इंग्रज आमच्या बेटावर येऊन बसले त्याला दुसरा हिवाळा चालू होता. झाडं संपली तशी लाल डगलेवाल्यांनी सरपणाला घरं पाडून जाळायला घेतली. आज एकाचं कुंपण, उद्या दुसऱ्याचं छप्पर. सायलसचं घर थंडी पडताच त्यांच्या शेकोटीत गेलं. आई-बाप नव्हतेच, तो आमच्याकडे राहायला आला. माझे वडील पिंपं बांधायचे, त्यांच्या हाताखाली लागला. फेब्रुवारीत एक शिपाई आला आणि आमच्या कोठाराच्या दारावर खडूने फुली मारून गेला. चौदा दिवसांनी पाडणार. आई म्हणाली, “गेलं तर गेलं, गाय तर कधीच खाल्ली त्यांनी.” वडिलांनी पुढ्यातला वाडगा बाजूला सारला. मग त्यांनी सांगितलं. इंग्रज उतरले त्या दिवशी गावच्या तुकडीची दारू त्यांनी कोठाराच्या फळ्यांखाली लपवली होती. फळ्या उचलल्या की वडील फासावर.

दारू उत्तरेच्या टोकापर्यंत पोचवली असती तर पलीकडच्या किनाऱ्यावरून आपली माणसं होडी घेऊन आली असती. पण वाटेत नाका होता, आणि तिथे गवताच्या पेंढीतही संगीन खुपसून बघत. एकच गाडी न उपसता सोडायचे, ती म्हणजे तांबडं फडकं लावलेली, देवीच्या रोग्याची. टोकावरच्या झोपडीत रोग्यांना ठेवत. तिथे फीबी मावशी त्यांचं करायची. तिला स्वतःला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, मलाही, म्हणून आम्हाला भीती नव्हती. मी म्हटलं, आपण कोणाच्या तरी तोंडावर ठिपके रंगवू. सायलस म्हणाला, “केझी, मागच्या महिन्यात एकाने बीटचा रस लावला होता. सार्जंटने थुंकी लावून पुसला आणि त्याला पाठ फुटेपर्यंत मारलं. ताप कुठून आणशील? वास कुठून आणशील?” मग म्हणाला, “खऱ्याच काढू. मला अजून आलेल्या नाहीत.”

मी त्याला मूर्ख म्हटलं. गाढव म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी फीबी मावशीकडे मीच गेले. रोग्याच्या पुवात भिजवलेला दोरा तिने हंसाच्या पिसाच्या नळीत घालून दिला. टोचून घेतलं तर बहुतेक वेळा हलक्यात निभावतं, दहा-वीस फोड येतात, असं ती म्हणाली. “बहुतेक वेळा” हे तिने दोनदा म्हटलं, मी एकदाच ऐकलं. वडिलांना सांगितलं ते दोरा सायलसच्या दंडात गेल्यावर. त्यांनी मला थोबाडीत मारली आणि मग त्याच हाताने डोळे पुसले. सायलसला मागच्या कारखान्यात ठेवलं, कारण घरात देवी न आलेली एकटी पेशन्स होती, माझी धाकटी बहीण, सहा वर्षांची. तिला तिकडे फिरकू द्यायचं नाही, एवढं माझ्यावर होतं.

सात दिवस काहीच नाही. सायलस पिंपांना पट्ट्या ठोकत होता आणि मला चिडवत होता, “तुझ्या मावशीने नुसता दोरा विकला.” इकडे फुलीचे दिवस सरत होते. आठव्या दिवशी ताप चढला. दहाव्या दिवशी फोड आले, आणि ते दहा-वीस नव्हते. बाराव्या दिवशी त्याचा चेहरा बोट ठेवायला जागा नाही असा झाला, आणि तो बडबडायला लागला. थांबायला वेळ नव्हता, दोन दिवसांनी कोठार पाडायला येणार होते. वडिलांनी पिंपं गाडीत तळाला ठेवली, वर फळ्या, वर पेंढा, वर सायलस, आणि त्याच्यावर आईचं लोकरी पांघरूण. निघताना पेशन्स आईचा हात सोडवून धावत आली आणि आपल्या मक्याच्या भाकरीचा तुकडा सायलसच्या हातात कोंबला. त्याने तिची बोटं क्षणभर धरली. मी ओरडले, तिला ओढलं, चुलीवरच्या गरम पाण्याने तिचे हात लाल होईपर्यंत घासले. मग घोडी हाकली.

नाक्यावर दोन शिपाई फडकं पाहूनच मागे सरले. सार्जंट मात्र पुढे आला. त्याच्या तोंडावर देवीचे जुने खड्डे होते. ज्याला देवी येऊन गेल्या तो गाडीला हात लावायला घाबरणार नाही, हे मला कळायला हवं होतं. त्याने संगिनीच्या टोकाने पांघरूण उचललं. तेवढ्यात सायलस डोळे न उघडता बोलायला लागला, “पिंप हळू ठेव केझी, कोठारातलं पिंप, हळू.” सार्जंट म्हणाला, “कसलं पिंप?” अमासा, माझी जीभ तेव्हापासूनच अशी आहे. मी सायलसवरच तुटून पडले. “ऐकलंत साहेब? मरायला टेकलाय आणि अजून माझ्या बापाची पिंपं वाहतोय! बापानेच राबवून राबवून असा केला! अरे मेल्या, उद्या कोण बांधणार ती पिंपं, तुझं भूत?” सार्जंट हसला नाही. त्याने पेंढ्यात संगीन घातली. टक्क. लाकूड. “खाली काय?” मी म्हटलं, “त्याला पुरायच्या पेटीच्या फळ्या. तिकडे सुतार नाही. तुमच्या लोकांनी आमच्याकडे एवढंच लाकूड ठेवलंय.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायलसकडे. फळ्या त्याने उचलल्या असत्या तर हे पत्र लिहायला मी नसते. पण तो बाजूला झाला आणि म्हणाला, “जा. लवकर जा.” घोडीला मी पळवलं नाही. पळवावंसं इतकं वाटत होतं की लगाम हातात रुतला.

इथे गावातली गोष्ट संपते. होडी आली, दारू गेली, कोठार पाडलं तेव्हा फळ्यांखाली उंदीर निघाले, वडील वाचले, आणि सायलसही वाचला, पाच आठवडे त्या झोपडीत काढून.

पुढचं मला एकटीला माहीत आहे. फीबी मावशीने त्याच दिवशी सांगितलं होतं, पेंढा आणि पांघरूण इथेच जाळ. पेंढा जाळला. पांघरूण आईने दोन हिवाळे बसून विणलेलं होतं. बेटावर मेंढरू उरलं नव्हतं, घरात सगळ्यांना मिळून दोन पांघरुणं होती. चांगली लोकर जाळायची आम्हाला सवय नाही, पोरा. मावशीची पाठ वळली तेव्हा मी ते गाडीच्या बैठकीखाली कोंबलं. घरी आणून माळ्यावर वाऱ्याला टाकलं, दोन आठवडे राहू दिलं, आणि आईला सांगितलं, मावशीने चालेल म्हटलं. मार्चमध्ये थंडी उलटली. पेशन्सचे दात वाजत होते. माळ्यावरून ते काढून मीच तिच्यावर घातलं, मीच कडा खोचल्या. बाराव्या दिवशी तिला ताप आला. एप्रिल उजाडायच्या आत ती गेली. पांघरूण मी मग जाळलं.

प्रार्थनाघरात वडील उभे राहून म्हणाले, छावणीतून ही देवी इंग्रजांनी आमच्या लेकरात सोडली. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. सायलस परत आला तेव्हा त्याला हे सांगितलं, तर तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला, भाकरी घेतलेल्या. त्याने कधी दिवस मोजले नाहीत. मी मोजले होते. त्याच्याकडून लागली असती तर दोन आठवड्यांत ताप येता. आला चार आठवड्यांनी. त्याच्याशी लग्न केलं, सहा मुलं झाली, तो जाईपर्यंत सत्तेचाळीस वर्षं एका ताटासमोर बसलो, आणि मी त्याला हा हिशोब सांगितला नाही. त्याने स्वतःच्या पोरांनाही चालायला लागेपर्यंत उचललं नाही. तुला वाटायचं आजोबांना तू आवडत नाहीस. तू पाच वर्षांचा असताना मला तसं विचारलंस आणि मी म्हटलं, म्हातारा तिरसट आहे. तिरसट नव्हता. घाबरत होता, आणि घाबरलेला त्याला मीच ठेवला होता.

आता का लिहिलं ते सांगते. तू लिहिलंस की गावच्या मंडळींनी पेशन्ससाठी नवा दगड करायचं ठरवलंय, अक्षरं खोदायचं काम तुला मिळालंय, आणि ‘शत्रूने पसरवलेल्या देवीचा निष्पाप बळी’ यापुढे तिचं नेमकं वय घालायला हवंय. वय सहा वर्षं, चार महिने. त्याआधीची ती शत्रूची ओळ खोदू नकोस. इंग्रजांनी आमचं कोठार जाळलं, गाय खाल्ली, तेवढं त्यांच्या नावावर पुरे. मंडळी रागावतील, तुझं काम काढून घेतील, त्यांच्याशी मी बोलेन. गुरुवारी शेजाऱ्याच्या गाडीने येते आणि ज्या ओट्यावर दरवर्षी पिंपं वाढवतात तिथेच उभी राहून सांगते. तू हे लोकांच्या तोंडून आधी ऐकू नयेस म्हणून पत्र. सायलसला सांगायला सत्तेचाळीस वर्षं होती आणि मी उशीर केला. तुझ्या बाबतीत चार दिवसच केला. गुरुवारपर्यंत छिन्नी खाली ठेव.

तुझीच, आणि तरीही माफी न मागणारी,
आजी केझाया