टॉवेलखालची म्हैस

देवळाली प्रवरा
सोमवार, दि. १ डिसेंबर २०२५, सकाळी ६ वाजून १० मिनिटे (पाय मिठाच्या कोमट पाण्यात सोडून)

आदरणीय गोरक्षनाथ दाजींना अमृतचा वाकून नमस्कार. (पोटऱ्या आखडल्यामुळे वाकणे फक्त कागदावर आहे, राग मानू नये.) मोनिकाताई कशी आहे? तुमचा गुडघा आता बरा झाला आणि तुम्ही लिफ्ट सोडून जिना चढता, असे तिने परवा फोनवर सांगितले. ऐकून फार समाधान वाटले. एवढे का वाटले, ते पुढे येईल. आबांची तब्येत चांगली आहे. फोनच केला असता, पण आपल्या घरात स्पीकर लावूनच बोलायची रीत आहे आणि आबा शेजारी असतात, म्हणून पत्र.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, अमृत, घरात बसून माणूस गच्चीलाही भिऊ लागतो, चार लोकांत मिसळ, डोंगर बघ. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी राहुरीच्या एका गटात नाव घातले. हे लोक आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे, घाटमाथ्याच्या कड्याकड्याने जाणारी एक लांबलचक पायवाट दर रविवारी थोडी थोडी चालतात. पहाटे टेम्पोने जायचे, एक टप्पा चालायचा, जेवायचे, त्याच वाटेने परत यायचे आणि रात्री घरी. ज्ञानेश्वरी मॅडम (पतसंस्थेत कॅशियर आहेत) गटाच्या प्रमुख. त्यांनी पाठवलेल्या सूचना मी तीनदा वाचल्या आणि त्यात नसलेलेही सामान घेतले. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेतल्या. एक खिशात ठेवली आणि एक मोज्यात, कारण माणूस कड्यावरून पडल्यावर त्याचा कोणता भाग आधी सापडेल ते सांगता येत नाही.

टेम्पोत माझ्या शेजारी रंगनाथ काका होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. आबांनी आजवर घेतलेले प्रत्येक जनावर यांच्याच हातून घेतले आहे. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितले म्हणून ते येतात. त्यांच्याकडे एक म्हैस विकायला आली होती. दुसऱ्या वेताची, शांत, धारेला नऊ लिटर, मालकाची मागणी सत्तर हजार. संगमनेर सोडेपर्यंत बाकी सगळे झोपले. मी वळणांमुळे जागा होतो. काकांना वाटले, मी म्हशीमुळे जागा आहे.

आता कड्याचे सांगतो. वाट तशी चांगली आहे. उजव्या हाताला कातळ, डाव्या हाताला काही नाही. (खाली कोकण आहे म्हणतात, मी बघितले नाही.) एका ठिकाणी ती जेमतेम बैलगाडीच्या जुवाएवढी रुंद राहते. काका माझ्या पुढे होते, त्यांनी मागे हात केला, मी धरला. माझा हात पावसात भिजल्यासारखा ओला होता, लहान पोरासारखा काकांना चिकटला होता आणि मागून मॅडम मोबाईलवर सगळ्यांचे चित्रीकरण करत होत्या. लाज वाटली, म्हणून मीच म्हणालो, काका, हातावर तुमचा टॉवेल टाका.

दाजी, काकांनी वळून माझ्याकडे जे बघितले, ते मला तेव्हा कळले नाही. तुम्ही शहरात वाढलात म्हणून सांगतो. घोडेगावात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा कापडाखाली एकमेकांची बोटे धरतात आणि जितकी बोटे, तितकी रक्कम. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण कड्यावर माणसाला जे माहीत असते ते आठवत नाही. मी पाचही बोटे धरली. पन्नास हजार झाले. एक दगड निसटून खाली गेला (पोहोचल्याचा आवाज आलाच नाही), मी हात सोडून पुन्हा दोन बोटे धरली. सत्तर झाले. काकांनी व्यवहार पक्का झाला म्हणून माझा हात दाबला आणि आपला काढून घेतला. मी घाबरून आणखी एक बोट पकडले. मागणी सत्तरची असताना ऐंशी देणारे गिऱ्हाईक त्यांनी तीस वर्षांत पाहिलेले नव्हते.

पलीकडे जेवायला बसल्यावर काकांनी इसार (सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम) मागितला, तेव्हा मला उलगडा झाला. टॉवेलखालचा शब्द मोडला, तर त्या बाजारात उद्या आबांचा हात कोणी धरणार नाही. पण काका माणूस सरळ. जवळ सरकून हळूच म्हणाले, "पोरा, खरं सांग. भिऊन धरली व्हती का बोटं? भिऊन धरली आसतील तर म्हशीचा इषय हितंच सोडू."

हो म्हटले असते तर सुटलो असतो. पण समोर मॅडम नुकत्याच सगळ्यांना सांगत होत्या की अवघड जागेवर अमृत सर्वांत शांत चालला, बोलता बोलता टॉवेल काय मागतो. मी म्हणालो, भ्यायचे काय त्यात, म्हैस आवडली. आणि पाचशे एक रुपये काढून दिले.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. परत येताना तीच जागा मी कोणाचाही हात न धरता, खिशात हात घालून पार केली. डोक्यात म्हैस होती, कड्याला जागाच उरली नाही. तेव्हा तुमचा सल्ला एका अर्थी लागू पडला.

ताईला नमस्कार, तुम्ही तब्येतीला जपा, विशेषतः गुडघ्याला.

आपला,
अमृत

ता. क. पत्र लिहिण्याचे कारण असे की, लवकर येऊन आबांना तुम्ही सांगावे की म्हैस तुमच्या सांगण्यावरून घेतली. जावयाला ते काही बोलत नाहीत.

ता. क. २ (दुपारी १२ वाजता). वरचे रद्द समजावे. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर आबा गोठ्यात नवा खुंटा ठोकताना दिसले. रंगनाथ काकांनी काल रात्रीच फोन केला होता. (स्पीकरवर. मी झोपलो होतो.) आबा रागावले नाहीत. खुंटा ठोकत एवढेच म्हणाले, "दोन बोटं धरली आसती तरी पडला नसता." मग खुंटा हलवून बघत म्हणाले, "येत्या ऐतवारी रंगनाथच्या मागं मी चालनार. टावेल माझा. त्या बाईंना इचारून ठेव, रंगनाथला भ्या वाटंल आशी एखादी जागा हाय का म्होरं."

मॅडमना विचारले. आहे म्हणतात.

ता. क. ३. हिशोब: टेम्पो ३५०, झेरॉक्स ४, इसार ५०१. म्हशीचे देणे ७९,४९९, रविवारनंतर कमी होण्याची शक्यता. आबांना मागून कोणीतरी धरायला हवे आणि ते माझ्याच्याने होणार नाही, म्हणून रविवारचे भाडे तिघांचे भरले, १,०५०. ते परत मिळत नाही. तुमचा गुडघा बरा असल्याचे ताईने आबांसमोर, स्पीकरवर सांगितलेले आहे.