कोणते सिनेमे पाठवू, असं विचारलंस म्हणून

प्रिय चिमण्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर बोलले असते, पण आपला फोन कायम स्पीकरवर आणि बाबा शेजारच्या खुर्चीत. म्हणून दुपारी ते जरा लवंडले की मी स्वयंपाकघरात बसून थोडं थोडं लिहिते आहे. अक्षर गोड मानून घे.

तू विचारलंस की आता चौपट स्वच्छ चित्र दाखवणारा नवा प्लेअर घेतोय, तर बाबांसाठी त्यावर कोणते सिनेमे पाठवू. बाबा म्हणाले, आईला विचार. तुला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पहिला ब्लू-रे प्लेअर पाठवलास तेव्हा सिनेमे निवडण्याच्या कामात त्यांनी मला फिरकू तरी दिलं होतं का? गोष्ट कशी का असेना, चित्र चारचौघांना दाखवण्याजोगं हवं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा अगदी जवळून दिसला पाहिजे, स्वेटरच्या लोकरीचा धागा न् धागा कळला पाहिजे, अंधाऱ्या खोलीतला काळा कोट अंधारात बुडता कामा नये. यात नापास झालेली डिस्क दुकानात परत. जन्मभर आपल्या फोटो स्टुडिओत बसून निगेटिव्हवर पेन्सिलीने लोकांच्या सुरकुत्या आणि मुरुमांचे खड्डे बुजवले या माणसाने, आणि म्हातारपणी पडद्यावर कुणाच्या नाकावरची भोकं दिसली की टाळी द्यायला हात पुढे. पाहुण्यांना निवडक तुकडेच दाखवायचे, सिनेमा शेवटपर्यंत कधीच नाही. एका नायिकेचं लग्न झालं की मोडलं, ते मला अजून माहीत नाही.

आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, मुलाने पाठवलाय. तुझ्या तोंडावर तुझं कौतुक करताना त्यांची जीभ अडखळते, हे तुला माहीत आहे. स्टुडिओ सांभाळायला तू राहिला नाहीस, त्यावरून तुमचं जे वाजलं ते वाजलं. पण त्या यंत्रावर त्यांनी कधी धूळ बसू दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे मास्तर आणि त्यांची बायको चहाला आले होते. बाबांनी त्यांची लाडकी डिस्क लावली, म्हातारा कोळी जाळं विणत बसतो ती. निदान त्यांना तसं वाटलं. संगीत सुरू झालं आणि ते दाखवायला लागले, बघा त्याच्या कपाळावरच्या आठ्या, बघा भुवईचा एकेक केस. पडद्यावर बर्फातून घोडागाडी चालली होती. पुसताना माझ्याच हातून डिस्कांची अदलाबदल झाली होती. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने कपात. मग मास्तर म्हणाले, खरंच की, केस न् केस दिसतोय. भला माणूस. मी साखरेचं निमित्त करून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे आणि तो परत यायचा नाही. कडेचं तेवढं दिसतं. म्हणजे दाराची चौकट दिसते, पण दारात उभं राहिलेल्याचं तोंड दिसत नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. पोराला वाटेल, दया यावी म्हणून सांगतायत, म्हणाले. तेव्हापासून डिस्क मी लावते, आता कोळी आला असं हळूच मी सांगते, आणि ते पाहुण्यांना आठ्या दाखवतात. मी थकले रे. त्यांचं करून नाही थकले, हे नाटक वठवून थकले. पाहुणे गेले तरी टीव्ही चालूच राहतो. बंद करायलाही कुणी उठत नाही.

तर नवा प्लेअर घेऊ नकोस, सिनेमेही पाठवू नकोस. शपथ मोडली त्याचं काय ते मी बघून घेईन. मागच्या व्हिडिओ कॉलच्या शेवटी बाबा उठून आत गेले, तेव्हा तू मला विचारलंस, बाबा अजून रागावलेत का, सगळा वेळ भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि सुट्टीत यायचं पुढे ढकललंस. मी हसून वेळ मारून नेली, आणि तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र. अरे, सरळ बघितलं की त्यांना तुझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग दिसतो. मान वळवून भिंतीकडे बघितलं, की डोळ्याच्या कोपऱ्यात तू थोडासा येतोस. ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधून काढली आहे. कॉल संपल्यावर मला म्हणाले, पोराने दाढी वाढवलीये, कल्ल्यांजवळ पांढरी झालीये. डाग हळूहळू पसरतो आहे, चिमण्या. तू ये. आलास की त्यांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बस, उजेडाकडे तोंड करून. बोलता बोलता ते खिडकीकडे बघायला लागले तर मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा ते तुलाच बघत असतील.

तुझीच,
फोनवर हसून वेळ मारून नेणारी
आई