रेडिओचे जांभळे टी-शर्ट

गुरुवार, संध्याकाळ

शाळेच्या रेडिओला नवा माइक हवा म्हणून आम्ही मुलांनीच टी-शर्ट विकायचं ठरवलं. रंग ठरला पांढरा. आज गठ्ठा फोडला तर सगळे जांभळे! जांभळा म्हणजे ओंकारच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा रंग. आणि शर्ट छापून आणायचं काम कुणाकडं होतं? ओंकारकडंच.

"दुकानात पांढरा संपला हुता," म्हणाला. पांढरा कधी संपतो का?

मधल्या सुट्टीत त्याच्या पेठेतल्या पोरांनी शर्टांवर उड्या टाकल्या. बाकी कुणी हात लावला नाही. माझा दादा त्यांच्या विरोधातल्या टीमचा गोलकीपर. तो म्हणाला, "जांभळा घालून घरात यायचं न्हाय." आणि उद्या विक्रीसाठी सगळ्यांसमोर रेडिओवर तोच घालून बोलायचंय मला!

रविवारी याच दोन टीमची मॅच आहे. शर्ट माइकसाठी आणलेत की मैदानातल्या प्रेक्षक गॅलरीसाठी? पांढरा संपला म्हणे!

तडक रेडिओच्या सरांकडं गेले, सगळं सांगितलं. सरांनी शर्ट उलटून पालटून बघितला, छातीला लावला. "असू दे की. रंग झकास हाय. माझ्या मापाचा हाय काय?"

जिना उतरताना आठवलं. सरांचं घर ओंकारच्या तालमीला लागूनच आहे.