सुनीच्या उरलेल्या चौदा प्रती

३ फेब्रुवारी ७४, रविवार

सुनीची हत्यारांची पिशवी परत द्यायला धंतोलीत वानखेडे सरांकडे गेलो. घरामागे टिनाची शेड. सुनी दर रविवारी इथेच असायची. मी आत आज पहिल्यांदा गेलो. आठ-दहा जण सतरंजीवर बसून लाकूड कोरत होते. पिशवी ठेवून निघालो तर कुसुम (सुनीची मैत्रीण, तिच्याच शाळेत शिकवते) म्हणाली, "काका, उभ्या उभ्या काहून चालले? चहा होऊन राहिला." बसलो. सुनीबद्दल कोणी काही बोललं नाही. बरं वाटलं.

निघताना सरांनी पिशवी पुन्हा माझ्याच हातात दिली. "ही आमची नाही. धार गेली आहे, लावून ठेवा."

१० फेब्रु., रवि.

आठवडाभर धार लावली. पाच पटाश्या, एक सुरी. केस कापला जातो.

सरांनी सुनीचा शेवटचा ठसा दाखवला. सागाची फळी, वीतभर उंच, दीड हात लांब. भिवापूरच्या अंगणात मिरचीचे देठ खुडणाऱ्या पाच बाया. भिवापूर सौ.चं माहेर, सुनी दर हिवाळ्यात मामाकडे जायची.

इथली पद्धत अशी: दरवर्षी प्रत्येकाने एक चित्र कोरायचं, त्याच्या वीस प्रती काढायच्या. सगळ्यांच्या मिळून वीस संच होतात, ते आपसात वाटून घ्यायचे. संच जूनच्या आरंभी बांधतात. सुनीने सहा प्रती काढल्या, मग कावीळ झाली. डिसेंबरात सगळं संपलं. सहा प्रती पाहिल्या. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने १/२० ते ६/२०, उजवीकडे तिची सही. चित्र चांगलं आहे. आभाळात शाईचे बारीक डाग बरेच पडलेत.

चौदा उरल्या. त्या नसतील तर चौदा संच सुनीशिवाय बांधावे लागतील.

सर म्हणाले, "आमच्यापैकी कोणीही काढेल. तुम्ही काढल्यात तर जास्त बरं."

तीस वर्षं मोजणी खात्यात ट्रेसर होतो, नकाशे उतरवून काढायचो. हात स्थिर आहे. शिकतो म्हणालो.

१७ फेब्रु., रवि.

शेडचा नियम: स्वतःचे दोन ठसे कोरल्याशिवाय दुसऱ्याच्या ठशाला हात नाही. मला शिकवायचं काम रफिककडे. इतवारीत दुकानांच्या पाट्या रंगवतो, जीभ तिखट, हात लोण्यासारखा. मी लोटा कोरला. रफिक बराच वेळ पाहत राहिला. "काकाजी, लोटा है की पाण्याच्या टाकीचा प्लॅन? खालून मापं लिहायची राहिली." सगळे हसले. मीही.

उलटं छापलं जातं याचा त्रास झाला नाही. नकाशाचं पारदर्शक ट्रेसिंग क्लॉथ दोन्ही बाजूंनी वाचायची सवय.

३ मार्च, रवि.

दुसरा ठसा: सायकल. चाकं कंपासने आखली म्हणून ओरडा खाल्ला. छापल्यावर पांढऱ्या जागेत काळे ओरखडे उठले. रफिक म्हणाला, "सफेद म्हणजे सफेद. लाकूड उरलं तर शाई पकडणारच. साफ करा." साफ केलं. दुसरी प्रत स्वच्छ आली. मला हे काम जमेल.

२४ मार्च, रवि.

स्वतः छापायला शिकलो. आधीचे ठसे रफिकने छापून दिले होते. यंत्र नाही. रोलरने शाई लावायची, वर हातकागद ठेवायचा, मागून चमच्याच्या पाठीने घासत जायचं. एका प्रतीला अर्धा तास. घरून सौ.ची वरणाची पळी नेली होती. ती फार छान सरकते. कु. (कुसुम) म्हणाली, "काकू स्वयंपाक कशानं करतात मग?" बाकीच्यांच्याही घरून आता पळ्या येऊ लागल्यात.

७ एप्रिल, रवि.

माझी सायकल सरांनी भिंतीला लावली. म्हणाले, आता सुनंदाचा ठसा घ्या. (सुनीला ते पूर्ण नावानेच हाक मारायचे.) घरी न्या, दोन दिवस नुसता पाहा, मग छापू. गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणला. सौ.ने गोणपाट उघडून पाहिलं नाही. म्हणाली, "पलंगाखाली नका ठेवू, ओल येते." कपाटावर ठेवला.

९ एप्रिल, मंगळ.

दुपारी भिंग घेऊन बसलो. ठशाची स्थिती उत्तम. फक्त आभाळाच्या जागी आणि बायांच्या डोक्यांवर पटाशीने काढायचं राहून गेलेलं लाकूड पुष्कळ. बारीक बारीक टोकं. सहा प्रतींत डाग पडले ते याचेच. बिचारीला वेळ पुरला नसेल. चुकलेली रेघ ट्रेसिंग क्लॉथवरून ब्लेडने खरवडून काढणं हे माझं अर्ध्या आयुष्याचं काम. ब्लेड आणि लहान पटाशी घेऊन सगळं साफ केलं. चार तास. कुठे धक्का लागला नाही. पुष्कळ दिवसांनी नीट जेवलो.

१४ एप्रिल, रवि.

जयंती. शेड बंद. सौ. पांढरं लुगडं नेसून वस्तीतल्या बायांबरोबर गेली. मी गर्दीत फार वेळ थांबलो नाही.

२१ एप्रिल, रवि.

तीन प्रती काढल्या. शाई एकसारखी, कडा स्वच्छ. मनात होतं, आज रफिककडूनही शाबासकी मिळेल. कु.ने सुनीची सहा नंबरची प्रत आणून शेजारी टांगली. मग सर उठून आले. मग रफिक.

कु. हळू आवाजात: "काका, इथले ठिपके कुठं गेले?"

साफ केले म्हणालो.

रफिकने माझ्या हातातली पळी घेतली, पुसली, खाली ठेवली. "गलती माझी आहे. साफ करा, साफ करा, मीच म्हणत होतो."

दोन्ही प्रती शेजारी पाहिल्यावर मलाही दिसलं. तिच्या प्रतीत काहीतरी उडत आहे, बाया त्यात बसल्या आहेत. माझ्यात बाया आहेत, आणि कोरा कागद.

२२ एप्रिल, सोम.

दोन्ही प्रती घरी आणल्या होत्या. सौ.समोर ठेवल्या. तिने सुनीचं हे चित्र आजवर पाहिलं नव्हतं.

बराच वेळ पाहून म्हणाली, "हा खकाणा आहे जी. सुकी मिरची खुडतानी उडते तो. नाकातोंडात जाते. सुनीले दरसाल ठसका लागे, तरी तिथंच बसून राहे." मग माझी प्रत पाहिली. "तुम्ही खकाणाच काढून टाकला."

मी माझी प्रत उलटी करून ठेवली.

मग तीच: "पण एकीनंही तोंडाले पदर नाही बांधला. अशा बसल्या तर ठसकून मरतील. पोरगी नुसती पाहत राहे. हात कधी लावला नाही मिरचीले."

तिला सांगायचंस मग, म्हणालो.

"सांगणारच होती."

कापलेलं लाकूड परत लागत नाही. हे ट्रेसिंग क्लॉथ नाही.

२८ एप्रिल, रवि.

शेडमध्ये बसून बोलणं झालं. सरांचं म्हणणं, एका चित्राच्या वीस प्रती एकसारख्या असल्या पाहिजेत. एवढंच एक तत्त्व आहे आपल्याकडे. मग दोनच मार्ग. सुनीच्या सहा प्रती सहा संचांत घालायच्या, बाकी चौदा संच तिच्याशिवाय. नाहीतर माझ्या प्रती वेगळं चित्र म्हणून घालायच्या. दुसरं मला नको. पहिलं कोणालाच नको.

मी विचारलं, खकाण्याचा वेगळा ठसा कोरला तर? आधी तिचा ठसा छापायचा, त्याच कागदावर दुसरा. सहा नंबरवरून ठिपका न् ठिपका उचलतो. ते माझं काम आहे, त्यात चूक होणार नाही.

रफिक: "ती रफू झाली काकाजी. कपड्यावर चालते."

कु.: "तुझ्या मागच्या साली दोन रंग दोन फळ्यांवर नव्हते का? तेव्हा रफू नाही झाली?"

रफिक: "वो तो रंग था."

कु.: "मग हा काळाच रंग समज."

सरांनी वाद थांबवला. म्हणाले, करून आणा. सहा नंबरशेजारी ठेवू. मला भिंगातून फरक दिसला तर नाही.

५ मे, रवि.

इतवारीतून सागाची फळी आणली. रफिक बरोबर आला, स्वतःहून. पाच दुकानं फिरवली, प्रत्येक फळीवर नखाने टिचकी मारून पाहिली. वाटेत एवढंच म्हणाला, "सुनीच्या फळीच्या झाडाची नसली तरी गावाची पाहिजे." दुकानदार वैतागला.

७ मे, मंगळ.

ट्रेसिंग पूर्ण. दोनशे एकतीस ठिपके. एकही गोल नाही. प्रत्येकाला शेपूट आहे, आणि सगळ्या शेपट्या एकाच बाजूला. वारा डावीकडून असणार. हे मोजल्याशिवाय दिसलं नसतं.

१२ मे, रवि.

उकाडा भयंकर. टिनाची शेड तापते, सरांनी वर गवत टाकून पाणी मारलं. कोरणं सुरू. सगळी फळी खोदून टाकायची आणि फक्त ठिपके उभे ठेवायचे, म्हणजे नेमकं उलट काम. घाम फळीवर पडू नये म्हणून कु.ने कपाळाला रुमाल बांधून दिला. रफिक म्हणे, "काकाजी आता डाकू दिसून राहिले."

एक ठिपका तुटला. रफिकने लाकडाचा चुरा सरसात कालवून बसवला. दाखवल्याशिवाय कळणार नाही. "ही रफू," म्हणाला.

१६ मे, गुरु.

सौ.ने विचारलं, किती झाले. दीडशे. ती पंखा घेऊन शेजारी बसली. काही वेळाने म्हणाली, "इथं जरा जास्त पाहिजे. ढिगाच्या वर. ढिगावर जास्त उडते."

म्हणालो, सुनीने तिथे नऊच ठेवलेत.

"मग नऊच ठेवा," म्हणाली.

१९ मे, रवि.

कोरून झालं. कागद दोन्ही वेळा एकाच जागी पडावा म्हणून पाटावर तीन ठोकळे ठोकले. पहिल्याच खेपेला दोराभर सरकलं. खकाणा एका बाईच्या केसांत गेला. ठोकळ्यामागे पातळ कागद घातला. दुसऱ्या खेपेला बरोबर. चूक कुठे आहे हे कळलं की मला पुढे भीती वाटत नाही.

२६ मे, रवि.

सरांनी दोन्ही प्रती उजेडात धरल्या. भिंग लावलं. आधी एक कोपरा, मग दुसरा. शेडमध्ये कोणी कोरत नव्हतं. शेवटी भिंग खिशात घातलं. म्हणाले, "चौदा काढा."

रफिकने स्वतः भिंग मागून घेतलं. पाहिलं. मला म्हणाला, "रोज तीनपेक्षा जास्त नका काढू. खांदा जाईल." मग घरून स्वतःच्या आईची पळी आणून दिली. जरा जड आहे, दाब चांगला येतो.

३१ मे, शुक्र.

चौदा झाल्या. शेडमध्येच दोरीवर टांगल्या आहेत.

आता नवीन प्रश्न. मला वाटलं होतं, प्रती झाल्या म्हणजे झालं. सर म्हणतात, सहीशिवाय प्रत संचात जात नाही. "ज्याचं काम त्याची सही. सुनंदाच्या नावाची सही तुम्ही करायची नाही, एवढं पाळा. बाकी तुम्ही ठरवा."

कु. म्हणते दोघांची नावं लिहा. रफिक म्हणतो, "सुनीचं नाव मी छापून देतो, पाटीसारखं. खाली तुम्ही सही करा. खकाणा तुमचा आहे." मी म्हणालो खकाणा तिचाच आहे, मी फक्त उचलला. रफिक म्हणाला, "दोनशे एकतीस वेळा उचलला ना?"

नोकरीत हजारो नकाशे ट्रेस केले. खाली साहेबाची सही, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. तेव्हा कधी अडलं नाही.

२ जून, रवि.

संच आज बांधायचे होते. सरांनी माझ्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबवले. कोणी कुरकुर केली नाही. कु.ने उगाच सांगितलं की तिच्याही दोन प्रती अजून राहिल्यात. भिंतीवर तिच्या वीसच्या वीस दिसत होत्या.

चौदाही प्रती घरी आणल्या. दुपारी पाटावर घेऊन बसलो. डाव्या कोपऱ्यात आकडे लिहिले. ७/२०, ८/२०, शेवटपर्यंत. ऑफिसात सगळं आयुष्य इंग्रजी आकडे काढले, सुनीचे मराठी होते, मराठीच काढले. सातवर जरा थांबलो. पुढचे सरळ गेले.

उजवा कोपरा तसाच. पेन्सिल हातात होती. तिचं पूर्ण नाव मनात धरलं, मग माझं, मग दोन्ही. एका ओळीत दोन नावं मावतात, मापून पाहिलं. तिच्या नावात मधे माझं नाव आहेच.

सौ. भाजी निवडत समोर बसली होती. वाटलं, विचारावं. त्याआधी तिनेच एक प्रत कडेला धरून तिरपी केली, काळ्यावर बोट टेकवलं. बोट काळं झालं. पदराला पुसलं.

म्हणाली, "अजून ओली आहे जी शाई. घाई काहून करता? रविवारले वेळ आहे."