अनुपमाच्या नावाचा चिवडा

भांडुप (पश्चिम)

ती. शकुताईस शिवदासचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता वाकतो का? मी इकडे ठीक आहे. (हर्षदने फोनवर वेगळं सांगितलं असेल तर मनावर घेऊ नकोस.) उद्या अनुपमाला जाऊन दोन महिने होतील. तिच्या साड्या तिच्या बहिणीने नेल्या, औषधं दुकानदाराने परत घेतली, राहिले ते कॉर्नफ्लेक्स. तिला गिळवत नाही, दुधात भिजवून मऊ काही द्या, असं डॉक्टर म्हणाले आणि आपल्या हर्षदने मुलुंडहून बारा पाकिटांचं अख्खं खोकंच धाडलं. पोराला वाटलं, आई वर्षभर खाईल. तिला तीन पुरली.

उरलेली नऊ टाकवेनात. (तिने या घरात कधी शिळी चपातीसुद्धा टाकली नाही.) एकदा दुधात घालून बसलो, पण पहिल्याच चमच्याला तिचं ते गिळणं डोळ्यांसमोर आलं. मग ठरवलं, यांचं रूपच बदलायचं. मिक्सरमधून काढून थालीपीठ लावलं, ते तव्याला असं बिलगलं की उलथण्याने खरवडून खावं लागलं. नंतर रव्याऐवजी चुरा लावून बांगडे तळले आणि खालच्या मजल्यावरच्या भाऊरावांना मुद्दाम जेवायला बोलावलं. बिचाऱ्यांनी दोन तुकड्या मुकाट खाल्ल्या आणि हळूच विचारलं, साखर सांडली होती का. पाकिटात मुळातच साखर असते हे मला तेव्हा कळलं. शेवटी उरलेल्या सगळ्याचा चिवडा केला. शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, भरपूर मिरची. तो मात्र जमला. अनु दिवाळीत ज्यात भरायची त्याच डब्यात भरून ठेवला.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी हर्षद आला तो मला मुलुंडला न्यायचंच ठरवून. बोलता बोलता सवयीने स्वयंपाकघरात गेला, डबा उघडला, मूठभर तोंडात टाकला आणि तसाच उभा राहिला.

"बाबा, आईने केलेला ना हा?"

स्मशानात हा रडला नव्हता, तेराव्यालाही नाही. आता मात्र ओट्याखाली फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? (दिवाळीतला, तीन महिन्यांचा चिवडा इतका कुरकुरीत कसा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.) जाताना मला न्यायचं विसरला, डबा तेवढा घेऊन गेला.

भाओजींना नमस्कार. पायाला जप.

तुझा धाकटा,
शिवदास

ता. क. सूनबाई जान्हवीचा फोन होता. तो रोज एक मूठ घेऊन एकटाच बसतो, कुणाला देत नाही, आणि डबा तळाला आलाय. म्हणून मी काल पुन्हा केला, कॉर्नफ्लेक्स विकत आणून. पार्सल तुला पाठवतोय. तू ते तुझ्या नावाने हर्षदला पाठव. सांग, दिवाळीत अनुने आत्यासाठी दिलेला, राहून गेला होता.

आणखी एक. यावेळी मिरची जास्त पडली आहे. त्याने विचारलं तर सांग, दिवाळीपासूनच आईचा हात थरथरायचा. हे खोटं नाही. मी ते डॉक्टरांना फार उशिरा सांगितलं.